खरखर ऐकू आली की लगेच साउंड कार्ड? आधी या चुका टाळा

रेकॉर्डिंगमध्ये मागे गुणगुण ऐकू आली किंवा हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली, की सल्ला ठरलेला असतो : मदरबोर्डवरचा (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) ऑडिओ टाकाऊ, वेगळं साउंड कार्ड (आवाजासाठी पीसीत बसवायचं कार्ड) घे. एकेकाळी हे बरोबरच होतं. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर हे कार्ड आलं, तेव्हा बहुतेक पीसींकडे स्वतःचा आवाज म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची पीं-पीं एवढंच होतं. पण 2004 मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ हे मदरबोर्डवरच्या आवाजाचं मानक आणलं आणि हळूहळू चित्र पालटलं. रिअलटेकच्या एएलसी 1220 या मदरबोर्डवरच्या चिपचा कागदावरचा सिग्नल-टू-नॉइज आकडा (खरा आवाज खरखरीपेक्षा किती वर आहे त्याचं माप; जास्त तितकं चांगलं) 120 डेसिबल आहे. सीडीच्या 16 बिट आवाजाची मर्यादा साधारण 96 डेसिबल. बोर्डवर बसवल्यावर कागदावरचा आकडा पूर्ण मिळत नाही हे खरं, तरी दोष बहुतेक वेळा चिपचा नसतो. तो कुठे आहे हे न शोधता पैसे खर्च करणं, ही सगळ्यात मोठी चूक.

आवाज कुठून येतोय, हे न बघणं

हेडफोन लावा, काहीही वाजवू नका आणि एखादं लांबलचक वेबपेज माउसने भराभर वर-खाली करा. कानात बारीक ‘झिर्रर्र’ येतंय आणि माउस थांबला की तेही थांबतंय? मग कॅबिनेटच्या आतली विजेची गडबड आवाजाच्या वायरीत शिरतेय. आता पिन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डपासून कॅबिनेटच्या तोंडापर्यंत जाते, पुष्कळदा ग्राफिक्स कार्डाला चाटूनच. स्वस्त कॅबिनेटमध्ये तिला धड शील्डिंगही (गडबड अडवणारं आवरण) नसतं. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो, एक रुपयाही न खर्चता.

माउसशी काही संबंध नसलेला, एकसुरी, खालच्या पट्टीतला ‘हूंऽऽ’ असेल तर संशय घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेवर घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हूं गेला, म्हणजे गडबड विजेच्या बाजूची आहे. पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये असतील तर दोन्ही एकाच बोर्डवर आणा. तरीही राहिला तर दोघांमधल्या ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगच्या वाटेने येणारा हूं अडवणारं छोटं उपकरण) लावा. साउंड कार्डाच्या मानाने तो अगदी स्वस्त पडतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हूं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर अजिबात करू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग नीट नसण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या वाड्यांत, चाळींत हे सर्रास आढळतं. अशा वेळी दुकानात जाण्याआधी वायरमन बोलवा.

तिसरा प्रकार म्हणजे मधूनच ‘टक्’, ‘टुक्’ होणं किंवा आवाज तुटणं. याचं मूळ बहुधा एखाद्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), कधीकधी चक्क वायफायच्या ड्रायव्हरमध्ये असतं. लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर काही वेळ चालू ठेवा, कोण अडवतंय ते बरंचसं कळेल. ड्रायव्हर तसाच ठेवून नवं कार्ड बसवलं तर टकटकही तशीच राहू शकते.

सेटिंग न तपासणं

कॉल सुरू झाला की गाणं एकदम दबतं? विंडोजच्या साउंड सेटिंगमधला कम्युनिकेशन्स टॅब उघडा. बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय तिथे आधीपासूनच निवडलेला असतो. आवाज अचानक गायब झाला असेल तर तो एचडीएमआयवरून मॉनिटरकडे वळला नाही ना, ते बघा. रेकॉर्डिंगमध्ये ‘शूंऽऽ’ येत असेल तर माइक बूस्ट +30 डेसिबलवरून खाली आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या.

माइकसाठी साउंड कार्ड घेणं

यूएसबी माइक किंवा यूएसबी हेडसेट वापरत असाल तर साउंड कार्डाचा काडीचाही उपयोग नाही. आवाजाचं रूपांतर त्या उपकरणातच होतं, कार्डापर्यंत काही पोचतच नाही. स्टुडिओतला कंडेन्सर माइक घेतलात तर त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागतो, आणि कार्डाच्या गुलाबी जॅकमधून तो मिळत नाही. त्यासाठी बाहेर ठेवायचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं पीसीला जोडणारा डबा) हवा. गाणं, तबला, हार्मोनियम घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना माझं सांगणं हेच : पैसे घालायचेच तर इंटरफेसमध्ये घाला. त्याचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर असला की 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पल असताना, 256 सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) ठेवता येतो, म्हणजे बफरचा उशीर जेमतेम 5.3 मिलिसेकंद. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा. त्याची घरघर कुठलंही कार्ड काढून टाकत नाही.

परगावच्या किंवा अमेरिकेतल्या शिष्यांना झूमवर गाणं शिकवणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते : तानपुरा मधेच विरून जातो. झूमला तो सलग सूर पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो, म्हणून ते तो पुसून टाकतं. ऑडिओ सेटिंगमधला संगीतकारांसाठीचा ‘ओरिजिनल साउंड’ चालू केला की सूर परत येतो.

खरी गरज न ओळखणं

32 ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) साधे हेडफोन मदरबोर्डवर बहुधा छान चालतात. सेनहायझर एचडी 600 सारखे 300 ओहमचे किंवा बेयरडायनॅमिकचे 250 ओहमचे असतील तर आवाज दबका वाटू शकतो. तिथे वेगळा ॲम्प (आवाजाला जोर देणारा भाग) असलेलं उपकरण घेण्यात अर्थ आहे, आणि तेही शक्यतो यूएसबीचं, म्हणजे ते कॅबिनेटमधल्या गडबडीपासून लांब राहतं. ऑप्टिकल वायरने होम थिएटरला जोडणार असाल तर कार्डावर खर्च नको, कारण डिजिटलचं ॲनालॉग तिकडेच होतं. ‘कार्ड घेतलं की गेम पळेल’ हेही आता जुनं झालं. विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडचं (गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेचं) काम कार्डाच्या हार्डवेअरकडे जाणं बंद झालं.

एवढं सगळं बघूनही आतलंच कार्ड घ्यायचं ठरलं, तर आधी कॅबिनेट उघडून पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट मोकळा आहे का पाहा; जाड ग्राफिक्स कार्डाखाली तो पुष्कळदा झाकला जातो. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तर ते साध्या पीसीआयचं नाही ना, हे विचारा, नव्या बोर्डांवर तो स्लॉट सहसा नसतोच. आणि बसवल्यावर पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डावरच्या पिनांवर लावा, नाहीतर पुढे लावलेला हेडफोन अजूनही जुन्याच चिपवरून वाजत राहील.