शेंडीवाली पिल्लं : नर की मादी ठरवताना या चुका टाळा

पॉलिश कॅप काय किंवा सिल्की काय, दोन्ही शेंडीवाल्या कोंबड्यांच्या जाती. शौकिनांच्या व्यवहारात त्यांची पिल्लं बहुधा महिना-दीड महिन्याची असतानाच विकली जातात, आणि तीही ‘जोडी’ म्हणून. या वयात जोडी लावणं म्हणजे चिठ्ठी टाकणं. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्यालाही ते कळलेलं नसतं. (पुढे शेंडी म्हणजे डोक्यावरचा पिसांचा झुबका आणि तुरा म्हणजे चोचीच्या वरचा मांसल भाग.)

साधा हिशेब बघा. अंदाजाने उचललेल्या दोन पिल्लांत एक नर आणि एक मादी निघण्याची शक्यता निम्मीच असते. तीन घेतली तर ती ७५ टक्के, चार घेतली तर ८७.५ आणि सहा घेतली तर जवळजवळ ९७ टक्के होते. म्हणून ‘खात्रीची जोडी’ म्हणून वरचे पैसे मोजण्याऐवजी एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी उबवून निघालेली, चार ते सहा पिल्लं घ्या. जास्तीचे कोंबडे कुठे द्यायचे हे मात्र आधीच ठरवून ठेवा. इंदूरच्या सुदामानगरसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत दोन कोंबडे पहाटे चारला आरवायला लागले की शेजारी फार दिवस गप्प बसत नाहीत.

शेंडीकडे फार लवकर बघणं

पॉलिशमध्ये शेंडी हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे, पण योग्य वयातली. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच त्याच्या डोक्यावर टेंगूळ असतं आणि त्यावर लवेचा पुंजका. ते टेंगूळ कवटीच्या हाडाचं असतं आणि नर-मादी दोघांनाही असतं. मोठ्या टेंगळाची ती मादी, हा आडाखा कधी जुळतो, कधी नाही. एकेका पिल्लाचा निकाल त्यावर लावता येत नाही. लव गेल्यावर येणारी पहिली पिसंही दोघांची सारखीच, गोल टोकाची असतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळा घाणाच माद्यांचा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवणूक याच वयात होते.

फरक दिसतो तो त्यानंतर येणाऱ्या पिसांत. मादीच्या अंगातल्या इस्ट्रोजेनमुळे तिची नवी पिसं रुंद आणि गोल टोकाची येतात. नराच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीच्या शेवटी अरुंद, लांब, टोकदार पिसं येतात. पॉलिशमध्ये हे साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापासून दिसायला लागतं आणि बाराव्यापर्यंत बहुतेक पिल्लांचं चित्र स्पष्ट होतं. मादीची शेंडी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गच्च आणि गोल भरते. नराची विस्कटलेली दिसते, पिसं मागे आणि बाजूला लोंबतात.

लांबून बघून भागत नाही. सकाळच्या उजेडात पिल्लू डाव्या काखेत घ्या आणि पंख हाताने दाबून ठेवा. डोकं मोकळं राहू द्या, ते कधीही धरू नका. शेंडीवर हलकेच फुंकर मारली की पिसं दुभंगतात. त्यात मधली आणि मागची नवी पिसं शोधा. ज्यांच्या बुडाशी अजून निळसर नळी दिसते ती नवी. पिसाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला की टोक गोल आहे की टोकदार, ते लगेच कळतं. एखाद-दुसरं लांब पीस दिसलं म्हणून निकाल देऊ नका, निदान पाच-सहा नवी पिसं बघा. मग शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या दोन्ही कडांना तपासा. बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात तिथे टोकदार पिसं लोंबायला लागली की नर पक्का.

नवं पीस उपटायचं नाही. नळीत रक्त असतं, ती तुटली की भळभळ वाहतं आणि रक्त दिसलं की बाकीची पिल्लं तिथेच टोचायला धावतात. चुकून तुटलंच तर कापसाने दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने दाबून धरा, वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावा आणि जागा पूर्ण सुकेपर्यंत पिल्लू वेगळं ठेवा. पॉलिशच्या टेंगळाचं हाड बऱ्याचदा नीट जुळलेलं नसतं. नेमक्या त्या जागी जोराची एक टोच बसली तरी पिल्लू दगावू शकतं.

फ्रिझल, म्हणजे उलटी वळलेली पिसं असलेलं पिल्लू असेल तर टोक नुसतं बघून कळत नाही. पीस दोन बोटांत सरळ करून मग बघा.

‘शेंडी लहान म्हणजे नर’

ही समजूत सगळीकडे आहे आणि चुकीची आहे. शेंडीचा जीन लिंगाच्या गुणसूत्रावर नसतो. शिवाय तो अर्धवट प्रभावी आहे: आई-बाप दोघांकडून आला तर शेंडी भरघोस, एकाकडूनच आला तर निम्मी-शिम्मी. पॉलिश आणि देशी यांच्या संकरातली पिल्लं ‘हाफ कॅप’ दिसतात ती त्यामुळे, आणि त्यात नर-माद्या दोन्ही असतात. लहान शेंडीवरून फार तर रक्त शुद्ध आहे की नाही याची शंका घ्या. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांची तुलनाही करू नका. दहा आठवड्यांच्या मादीशेजारी सात आठवड्यांची मादी ठेवली तर धाकटी उगीच नर वाटते.

तुऱ्याचा रंग बघून ठरवणं

गावठी कोंबड्यांत तुरा लवकर लाल झाला की नर, हा आडाखा बऱ्यापैकी चालतो. इथे तो दोन ठिकाणी अडतो. पॉलिशचा तुरा म्हणजे दोन बारीक शिंगं, तीही शेंडीखाली दडलेली. नराची ठळक होतात, मादीची जेमतेम दिसतात, पण त्यासाठी पिसं बाजूला करावी लागतात. चोचीखालची लोंबती लाल कातडी बघायला जाल तर दाढीवाल्या वाणात ती नरालाही जवळपास नसते.

सिल्कीत तर लाल रंगाची वाटच बघू नका. तिची कातडी काळी आणि तुरा जांभळट-काळपट असतो. माळव्यात ही गोष्ट समजावून सांगायला नको, कारण झाबुआचा कडकनाथ सगळ्यांनी पाहिलेला आहे. २०१८ मध्ये जीआय टॅग मिळालेल्या त्या कोंबडीतही काळेपणा याच गुणामुळे येतो. अशा जातींत तुऱ्याचा रंग सोडा, आकार बघा.

सिल्कीला पॉलिशचे नियम लावणं

सिल्कीच्या पिसांच्या धाग्यांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, म्हणून ती कापसासारखी सुटी राहतात. त्यामुळे टोकदार आणि गोल हा फरकच धूसर होतो. तीन महिन्यांनंतर नराच्या शेंडीतून काही लांब, मागे झुकलेल्या बटा बाहेर येतात आणि नाकपुड्यांच्या वरचा तुरा रुंद, जाड, गाठाळ होतो. मादीचा अरुंद राहतो. तरी पक्कं म्हणायला चार ते सहा महिने लागतात, आणि काही पिल्लं पहिल्या अंड्यापर्यंत किंवा पहिल्या आरवण्यापर्यंत पत्ता लागू देत नाहीत. दोन महिन्यांच्या सिल्कीची ‘गॅरंटी’ देणाऱ्याला इतकंच विचारा: उलट निघाली तर बदलून देणार का?

इतर हुकमी म्हणवल्या जाणाऱ्या युक्त्या

टोकेरी अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी. अंड्यावर दोऱ्याने अंगठी फिरवणं. इनक्युबेटरचं तापमान कमी-जास्त करणं. यातल्या कशानेही काही ठरत नाही. कोंबड्यांत लिंगाची गुणसूत्रं नरात ZZ आणि मादीत ZW असतात, अंडं घातलं जाण्याआधीच निकाल लागलेला असतो.

पंखाची पिसं बघून पहिल्या एक-दोन दिवसांत ओळखण्याची पद्धत खरी आहे, पण ती हॅचरीत मुद्दाम त्यासाठी जुळवलेल्या संकरातच चालते: पिसं उशिरा फुटणारी मादी आणि लवकर फुटणारा नर. शुद्ध पॉलिशच्या घाण्यात ती लावली तर उत्तर कसंही येतं. गुदद्वार उघडून बघण्याला सराव लागतो. शिकाऊ हाताने एवढ्याशा पिल्लाचं पोट दाबलं तर आतल्या अवयवांना इजा होते. घरी करू नका.

टोपी फेकून कोण ताठ उभं राहतं ते बघायचं, हीसुद्धा एक जुनी परीक्षा. शेंडीमुळे पॉलिशला वरचं धड दिसतच नाही, ती सगळीच दचकतात. छाती फुगवून भिडणंही खूण नव्हे, कारण दांडगट तलंगाही (तरुण माद्या) तेच करतात.

लवकर आणि खात्रीने हवं असेल तर डीएनए चाचणी. पोपटांची चाचणी करणाऱ्या लॅबला ‘कोंबडीची करता का’ हे आधी विचारून घ्या. छातीवरची दोन-तीन छोटी, पूर्ण वाढलेली पिसं मुळासकट काढून प्रत्येक पिल्लासाठी वेगळ्या कागदी पाकिटात घाला आणि वर पिल्लाच्या पायातल्या रिंगचा रंग किंवा नंबर लिहा. खुराड्यात गळून पडलेलं पीस चालत नाही, ते कुणाचं हेच कळत नाही.

खराब शेंडीवरून निकाल

पावसाळ्यात शेंडी भिजते, चिखलाने चिकटते आणि सगळी पिल्लं नरासारखी विस्कटलेली दिसतात. उघड्या भांड्यातून पाणी पितानाही हेच होतं. निपल ड्रिंकर (चोचीने दाबलं की थेंब देणारी तोटी) लावला की निम्मा त्रास संपतो. पिसं दुभंगून मुळाशी उवा आणि त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके आहेत का तेही बघा. खाजवून पिसं तुटलेली असतील किंवा बाकीच्यांनी टोचून शेंडी उपटली असेल, तर नवी पिसं येईपर्यंत निकाल थांबवा.

ऋतूचाही परिणाम होतो. इंदुरात सगळ्यात मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सगळ्यात लहान पावणेअकरा तासांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली पिल्लं वाढत्या दिवसांत लवकर वयात येतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या घाण्याचे तुरे उशिरा भरतात. त्या पिल्लांना वर दिलेल्या आठवड्यांत दोन-तीन मिळवा.

नोंद न ठेवणं आणि खाद्य लवकर बदलणं

प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची रिंग घाला आणि सहा, नऊ, बारा, सोळा आठवड्यांना शेंडीचा वरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढा. रिंग दर आठवड्याला सैल आहे ना ते बघा. पाय जाड होतो आणि ती रुतते.

सगळ्या माद्याच आहेत असं समजून लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) लवकर सुरू करणं ही महागात पडणारी चूक आहे. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लांच्या ग्रोअर खाद्यात जेमतेम एक टक्का. वाढत्या पिल्लांची आणि कोंबड्यांची मूत्रपिंडं इतक्या कॅल्शियमने खराब होतात. पहिलं अंडं मिळेपर्यंत सगळ्यांना ग्रोअरच द्या. अंड्याला आलेल्या तलंगांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना लागतो त्या आपणच येऊन खातात.