आजारी मांजराला जेवायला कसं लावायचं

मांजर आधी वासाने जेवतं. नाक चोंदलं असेल तर सुरमईकडेही ढुंकून बघणार नाही. म्हणून आमच्या चिंगीचं नाक मी आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसते. मग सिटीलाइट मार्केटमधला बांगडा नुसत्या पाण्यात उकडायचा, काटा न् काटा काढायचा, त्याच पाण्यात कुस्करून कोमट द्यायचा. फ्रिजमधलं गार नको, त्याला वासच नसतो. कांदा-लसूण अजिबात नाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चमचाभरच वाढा, पण थोड्या थोड्या वेळाने. तोंडात कोंबू नका, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. लठ्ठ मांजराला धोका जास्त.