कमरेला आधार पोटाचा

इंदूरच्या सराफ्यात गादीवर बसून दिवसभर हिशेब करणारे असोत की विजयनगरच्या ऑफिसात लॅपटॉपपुढे वाकलेली पोरं, कंबर दोघांचीही धरते. कमरेला आधार म्हणून पोटाचे स्नायू कमवायचे, पण त्यासाठी लगेच सिट-अप्स (उताणं पडून उठून बसणं) सुरू करू नका. दुखऱ्या कमरेवर त्याने ताण वाढतो. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी 'बर्ड-डॉग' घरच्या घरी सगळ्यात सोयीचा.

सतरंजीवर रांगायच्या अवस्थेत या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. १० सेकंद थांबा, श्वास रोखू नका, मग बाजू बदला. पाय फार वर गेला की कंबर खोलगट होते. बहुतेकांचं इथेच चुकतं. कमरेवर पाण्याची वाटी ठेवून बघा, सांडली तर पाय खाली घ्या. (नातवंडांची करमणूक फुकट.) प्रत्येक बाजूला आधी ६ वेळा, जरा थांबून ४, मग २.

उठल्याउठल्या मात्र नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात, म्हणून तासभर जाऊ द्या. पोहे-जिलबी त्यानंतर.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.