१० बाय १५च्या खोलीत वस्तूंचं प्रदर्शन कसं मांडायचं

चित्रं भिंतीवर जातात. जुनी भांडी, साखळ्या अशा कलाकृती म्हणून मांडायच्या वस्तूंना जमीन लागते, आणि जुन्या नाशकातल्या वाड्याच्या खोलीत तीच कमी. म्हणून कलाकाराने वीस वस्तू पाठवल्या तरी मी सात-आठच मांडते. ते रुसतात, मी चहा पाजते. दोन स्टँडमध्ये निदान ३ फूट सोडा, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावरची पिशवी वस्तू खाली पाडते.

खोकी उघडतानाच सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पोचा, चीर, जे दिसेल ते लिहून कलाकाराची सही घ्या.

स्टँड १८ मिमी प्लायचे करून घ्या आणि आत तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवा. पोकळ खोका नुसत्या धक्क्याने हलतो. उंची सरसकट नको. घंगाळ वरून बघायचं असतं, त्याला दीड-दोन फूट पुष्कळ. मुठीएवढी वस्तू चार फुटांच्या आसपास. रंग मात्र आधीच देऊन ठेवा. ओल्या रंगाच्या आणि नव्या प्लायच्या वाफेने काचपेटीत कोंडलेलं तांबं, चांदी काळवंडते.

तांब्याला उघडा हात लावू नका, घामाचे ठसे उमटतात. त्याहून मोठा धोका म्हणजे साफसफाई. कलाकाराने मेहनतीने आणलेला कळकटपणा आमच्या मावशींना बघवत नाही. प्रदर्शनाच्या काळात मी पितांबरी कुलुपात ठेवते.

समोरून सरळ स्पॉट मारला की धातूवर नुसता पांढरा डाग दिसतो. वरून, जरा तिरका, एका बाजूने टाका. बल्ब ‘सीआरआय ९०’च्या वरचा असावा (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, १०० म्हणजे उत्तम). जोडीला कागद किंवा कापड असेल तर तिथे उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुढे जाऊ नका. मोबाइलवरच्या उजेड मोजायच्या अ‍ॅपने अंदाज येतो.

वस्तूशेजारच्या माहितीच्या पट्टीवर नाव, वर्ष, माध्यम, मापं. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, आजोबा मंडळी बरीच येतात. माध्यम खरं लिहा: ‘भांडीबाजारातलं जुनं घंगाळ, लोखंडी साखळी’. “असलं तर आमच्या माळ्यावर पडलंय” हे बघणाऱ्यांकडून ऐकायची तयारी ठेवा. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकाराने १९१७ साली मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलं होतं, एवढं सांगितलं की गप्पा रंगतात.

आणि गोदाकाठचं गाव आहे. भांड्यात पाणी ठेवलंत की रामकुंडाच्या सवयीने कुणीतरी नाणं टाकणारच. ते काढायचं की राहू द्यायचं, वस्तूला हात लावू द्यायचा की नाही, हे कलाकाराकडून त्या सहीच्या कागदावरच लिहून घ्या. दाराशी बसणाऱ्या मुलीला त्याची प्रत द्या. उत्तरं तिलाच द्यावी लागतात.