पहिले पुस्तक स्वतः छापताना : संहितेपासून विक्रीपर्यंत

पहिल्या पुस्तकाच्या १००० प्रती छापण्याचा मोह आवरा. प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो हे खरे. पण घरात पडून राहिलेल्या गठ्ठ्यांचा खर्च त्या हिशेबात धरलेला नसतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नव्या लेखकाने २०० ते ३०० प्रतींपासूनच सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संहिता आणि प्रुफे

टंकन युनिकोडमध्येच (कोणत्याही संगणकावर सारखी उमटणारी अक्षरपद्धती) करा. डीटीपीवाल्याने (संगणकावर पाने मांडणाऱ्याने) मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलला की रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ तुटतात, ‘ॲ’ गायब होतो. त्यामुळे टंकलेली प्रत आधी कितीही तपासलेली असो, पानांची मांडणी झाल्यावर प्रूफ (छपाईआधीची तपासणी प्रत) पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते. तीन वाचने करा : एक मजकुरासाठी, एक फक्त जोडाक्षरे आणि विरामचिन्हांसाठी, तिसरे दुसऱ्याकडून आणि कागदावर. पैसे वाचवायचे असतील तर मुखपृष्ठावर वाचवा, मुद्रितशोधनावर नको.

पुस्तकात अहिराणी (खानदेशची बोली) संवाद असतील तर काम वाढते. ‘मना’ लिहायचे की ‘मन्हा’, ‘शे’ की ‘से’, हे आधीच ठरवून त्याची यादी प्रूफ वाचणाऱ्याच्या हाती द्या. नाहीतर एकाच आजीच्या तोंडी बाराव्या पानावर एक रूप आणि चाळिसाव्यावर दुसरे दिसते. बोली न कळणारा मुद्रितशोधक तर ‘शे’चे सरळ ‘आहे’ करून टाकतो. कोणते रूप शुद्ध, या वादात शिरू नका. पात्राचे गाव ठरवा आणि त्या गावाचे बोलणे शेवटपर्यंत सांभाळा.

कागदपत्रे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. दुसऱ्या प्रकाशनाचा नंबर वापरलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्यांचेच नाव राहते. छापील पुस्तकाला आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे नंबर लागतात. नंबर हाती आल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नका, कारण बारकोड मलपृष्ठावर यायचा असतो. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच होतो. नोंदणी ऐच्छिक आहे.

१९५४च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवावी लागते. स्वतः छापणारे लेखक नेमके हेच विसरतात.

छपाई

३०० प्रतींच्या आत डिजिटल (संगणकावरून थेट छपाई), ५००च्या पुढे ऑफसेट (प्लेट करून मोठ्या यंत्रावर छपाई) सोयीचे पडते. मधल्या आकड्याला दोन्हींची कोटेशने घ्या, आणि ती करासह मागा. ऑफसेटवर डेमी (पुस्तकाचा नेहमीचा मध्यम आकार) आकाराचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच, १६ पानांचा असतो. १६१वे पान आले की वाढीव फॉर्मचा खर्च आलाच. म्हणून अर्पणपत्रिका आणि मनोगतासकट मजकूर १६०मध्ये बसवा.

आत ७० जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरचे वजन, ग्रॅममध्ये) मॅपलिथो कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन एवढे पुरते. १६० पाने म्हणजे ८० कागद; एका कागदाची जाडी सुमारे ०.०९ मिमी, म्हणजे कणा (पाने बांधलेली कड) ७ मिमीच्या आसपास. कागद बदलला की हा आकडाही बदलतो, आणि कण्यावरचे नाव घसरून मुखपृष्ठावर येते. म्हणून कागद पक्का झाल्यावरच मुखपृष्ठाची फाइल करा : सीएमवायके (छपाईच्या चार शाया) रंग, ३०० डीपीआय (चित्राची स्पष्टता), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड).

एक नमुना प्रत आधी मागवा. ती मधोमध पूर्ण उघडून पाहा. पाने सुटू लागली तर बाइंडिंग कच्चे आहे. वाचनालयांत जायच्या प्रतींना शिलाईची बांधणीच घ्या.

किंमत आणि विक्री

समजा, एक प्रत ९० रुपयांना पडली आणि किंमत २५० ठेवली. विक्रेत्याने ४० टक्के सूट घेतली की हाती १५० उरतात; त्यातून पाकीट आणि टपालखर्च जातो. किंमत १५० ठेवली असती तर हाती नेमके ९० आले असते आणि टपाल पदरचे भरावे लागले असते. असे १६० पानी पुस्तक सुमारे २०० ग्रॅम भरते, त्यावरून टपालाचा दर आधीच विचारून ठेवा.

छापण्यापूर्वीच व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ, दोन पाने आणि क्यूआर कोड टाकून आगाऊ नोंदणी घ्या. ती ५० प्रतींपर्यंतही गेली नाही तर छपाई १००वर आणा. प्रकाशनाची वेळ शेतीचा हंगाम पाहून ठरवा : जूनच्या पेरणीत सभागृह रिकामे राहते, दिवाळीनंतर कापूस विकला गेला की खेड्यातला माणूसही पुस्तकाला हात घालतो.

वाचनालये हा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा ग्राहक. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी प्रकाशनवर्षाची प्रत वेळेत पाठवा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे ग्रंथोत्सवाच्या तारखा विचारा. २०२४मध्ये अमळनेरला ९७वे साहित्य संमेलन झाले; असे मोठे संमेलन जवळ आले तर गाळा चार-पाच लेखकांनी मिळून घ्यावा, एकट्याला भाडे निघत नाही. मोफत प्रती २०च्या वर देऊ नका, आणि त्याही परीक्षण लिहिणाऱ्यांना, ग्रंथपालांना, भाषेच्या शिक्षकांना द्या.

दुकानात विक्रीसाठी प्रती ठेवताना चलनावर (प्रती दिल्याच्या पावतीवर) प्रतींची संख्या, सूट आणि हिशेबाची तारीख लिहून सही घ्या. तीन महिन्यांनी स्वतः जाऊन उरलेल्या प्रती मोजा आणि खपलेल्यांचे पैसे मागा. न खपलेल्या प्रती तिथून उचलून पुढच्या दुकानात द्या.