चोवीस तास राबणाऱ्या मशीनसाठी मदरबोर्ड निवडताना

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, मदरबोर्ड कोणता घ्यावा असं विचारलं, की बहुतेक सल्ले गेम खेळणाऱ्याला नजरेसमोर ठेवून दिलेले असतात. गेममध्ये प्रोसेसरवरचा भार सारखा वरखाली होतो आणि खेळ थांबला की मशीन निवांत होतं. फोल्डिंग ॲट होम, बॉइंक किंवा मर्सेन मूळ संख्या शोधणारा जिम्प्स अशा, लोकांच्या घरच्या मशीनवर विज्ञानाची गणितं वाटून करून घेणाऱ्या प्रकल्पांचं काम घेतलेल्या मशीनला हा निवांतपणा नाही. सगळे कोअर, तेही एव्हीएक्ससारख्या (एका दमात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या) जड सूचनांवर, वर्षाचे ८,७६० तास चालतात. म्हणून मी बोर्ड बघताना 'किती गिगाहर्ट्झपर्यंत जातो' हे विचारत नाही. 'पूर्ण भारावर महिनोन्महिने चालताना किती तापतो आणि उत्तर बरोबर देतो का' हे विचारते.

उत्तर बरोबर असण्याचा मुद्दा माझ्यासाठी सर्वांत मोठा आहे. परग्रहावरच्या संकेतांचा शोध घेणारं सेटी ॲट होम १९९९ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२० मध्ये त्याने नवं काम पाठवणं थांबवलं. त्या प्रकल्पात कामाचा एकच तुकडा किमान दोन मशीनना देऊन उत्तरं ताडून बघत, कारण घरोघरच्या मशीनवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. जिम्प्सच्या आजच्या चाचणीत गेर्बिच यांनी सुचवलेली तपासणी असते आणि ती हार्डवेअरची चूक चालू गणितातच पकडते. त्यामुळे चुकीचा निकाल विज्ञानात सहसा शिरत नाही. पण तुमचे ते तास आणि ती वीज वाया जाते, आणि तेच काम दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा करावं लागतं. मशीन बंद न पडता चुकत असेल, तर ते बंद पडलेल्यापेक्षा वाईट.

आधी वॅट ठरवा, मग बोर्ड

दुकानाच्या यादीपाशी जाण्याआधी कागदावर थोडं गणित करा. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.८ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर प्रोसेसर १६० वॅट घेतो. तुम्ही तो ५.१ गिगाहर्ट्झला नेलात आणि त्यासाठी १.३० व्होल्ट लागले. काम वाढलं साधारण ६ टक्के, वीज वाढली २५ टक्के, म्हणजे जवळपास २०० वॅट. वरचे ४० वॅट वर्षभरात ३५० युनिट खातात. गेमवाल्याला हा सौदा परवडतो, कारण तो रोज काही तासच खेळतो. आपण प्रत्येक तासाला ही किंमत मोजतो. माझा नेम असा: व्होल्टेज न वाढवता जेवढी वारंवारता मिळेल तेवढी घ्यायची, फार तर एक छोटी पायरी वर जायचं. एवढं ठरलं की बोर्डाकडून काय हवं ते आपोआप स्पष्ट होतं.

बोर्डाला हे वॅट पेलायचे असतात ते अँपिअरच्या रूपात. २०० वॅट भागिले १.३० व्होल्ट म्हणजे सुमारे १५४ अँपिअर. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात आणि सॉकेटच्या बाजूचं व्हीआरएम ते सव्वा-दीड व्होल्टपर्यंत खाली आणून एवढा प्रवाह प्रोसेसरला देतं. माझ्या लेखी अशा मशीनच्या बोर्डाची निवड म्हणजे नव्वद टक्के व्हीआरएमची निवड.

व्हीआरएम वाचायला शिका

खोक्यावर '१४+२+१' असं काही लिहिलेलं असतं. फेज म्हणजे प्रवाहाचा एक वाटा उचलणारा व्हीआरएमचा भाग. पहिला आकडा कोअरना वीज देणाऱ्या फेजचा. बाकीचे प्रोसेसरमधल्या इतर भागांचे, ते या हिशोबात धरू नका. प्रवाह वाहताना होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून तो जास्त फेजमध्ये वाटला गेला तर फायदा मोठा असतो. १५४ अँपिअर ६ फेजमध्ये वाटले तर प्रत्येकीवर २६ येतात, १४ मध्ये वाटले तर ११. पण फेज मोजताना जपा. फेज चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, कधी आठच फेजचा असतो आणि एका सिग्नलवर दोन-दोन फेज जोडून खोक्यावर सोळा छापलेले असतात. ही काही फसवणूक नव्हे, उष्णता तिथेही वाटली जातेच. मात्र खरे सोळा आणि जोडलेले सोळा यांना एकाच मापाने मोजू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉवर स्टेजची, म्हणजे प्रत्येक फेजमध्ये प्रवाह वाहून नेणाऱ्या चिपची, क्षमता: ५०, ६०, ९० अँपिअर वगैरे. हा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो आणि तापमान वाढलं की खरी क्षमता घटते. १४ फेज गुणिले ९० म्हणजे १,२६० अँपिअर, अशी गुणाकाराची मजा जाहिरातीपुरती ठीक आहे. आपल्याला हवंय ते असं की प्रत्येक स्टेज तिच्या क्षमतेच्या फार तर तिसऱ्या हिश्श्यावर चालावी, कारण कार्यक्षमता साधारण तिथेच चांगली असते. व्हीआरएम ९० टक्के कार्यक्षम असेल तर २०० वॅट देताना २२ वॅटची उष्णता त्या चिंचोळ्या पट्टीत अडकते. ९३ टक्के असेल तर १५ वॅट. सात वॅटचा हा फरक वर्षाला साठेक युनिट वाचवतो आणि बोर्डाचं आयुष्यही वाढवतो.

ते कसं, हे कॅपॅसिटरच्या हिशोबात दिसतं. व्हीआरएमजवळच्या पॉलिमर कॅपॅसिटरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांवर) समजा '१०५ अंशांवर ५,००० तास' असं मानांकन आहे. पाच हजार तास म्हणजे आपल्या वापरात सात महिनेसुद्धा नाहीत. पण ढोबळ नियम असा की तापमान २० अंशांनी उतरलं की पॉलिमर कॅपॅसिटरचं आयुष्य दसपट होतं. ८५ अंशांवर तोच कॅपॅसिटर ५०,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर टिकेल, आणि ६५ अंशांवर त्याची काळजीच उरत नाही. रोज तीन तास चालणाऱ्या मशीनवर ९५ अंश आणि ७० अंश यांत फरक जाणवणार नाही, आपल्याला तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाणवेल. म्हणून मी १०,००० किंवा १२,००० तासांचे कॅपॅसिटर लिहिलेला बोर्ड दिसला की थांबून बघते, आणि त्याहून जास्त बघते ते हीटसिंककडे.

हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग, पंखांसारखे काप असलेला ठोकळा हवा. वर प्लास्टिकची टोपी आणि खाली गुळगुळीत पत्रा असं असेल तर तो उष्णता धरून ठेवतो, सोडत नाही. कोअरच्या सगळ्या फेज झाकलेल्या आहेत ना, हेही फोटोत पाहून घ्या. स्वस्त बोर्डांत वरची ओळ उघडीच सोडलेली असते. हीटसिंकमध्ये बारीक पंखा दडवलेला बोर्ड मी घेत नाही. अखंड फिरणारा छोटा पंखा हाच मशीनमधला सगळ्यांत आधी थकणारा भाग ठरतो. २०१९ च्या एक्स५७० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकी भाग जोडणारी बोर्डावरची चिप) बऱ्याच बोर्डांवर चिपसेटलाही असा पंखा होता. आता बिनपंख्याचे पर्याय भरपूर आहेत.

परीक्षणं वाचताना एकच प्रश्न धरून बसा: व्हीआरएमचं तापमान किती मिनिटांच्या भारानंतर मोजलंय? दहा मिनिटांत हीटसिंक पुरतं तापलेलंही नसतं. किमान अर्धा तास, पूर्ण भार, आणि आसपासचं तापमान दिलेलं असेल तरच तो आकडा कामाचा. उघड्या टेबलावर घेतलेल्या मोजणीत बंद केससाठी दहा-पंधरा अंश मनातल्या मनात मिळवा.

हवेचा विचार बोर्डासोबतच

पाण्याचं कूलिंग लावलं की प्रोसेसर थंड राहतो, पण सॉकेटभोवतीची हवा थांबते आणि व्हीआरएम एकटं पडतं. टॉवर कूलरच्या पंख्याची थोडी तरी झुळूक त्याला मिळते. माझ्या मशीनमध्ये टॉवर कूलर आहेच, शिवाय १२० मिलिमीटरचा एक पंखा मी मुद्दाम व्हीआरएमच्या दिशेने वळवून बसवलाय. तो संथ फिरतो, आवाज नाही, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूचं तापमान त्याने चांगलंच उतरलं. म्हणून बोर्डावर चार पिनांचे पंख्यांचे पुरेसे कनेक्टर असावेत आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) पंख्याचा वेग व्हीआरएमच्या सेन्सरला बांधता यावा. तसा सेन्सर सगळ्या बोर्डांवर नसतो. मशीन लिनक्सवर चालवणार असाल तर बोर्डावरची सेन्सर चिप कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ओळखता येते का तेही तपासा, नाहीतर सगळं अंधारात चालेल.

आठ पिनांचं एक पॉवर कनेक्टर २०० वॅटला पुरतं. २२२ वॅट भागिले १२ म्हणजे साडेअठरा अँपिअर, ते चार तारांत वाटले जातात. दुसरं कनेक्टर असेल तर तेही जोडा, तारा आणि पिना आणखी थंड राहतील.

चिपसेट पटकन उरकू. एएमडीच्या बाजूला बी आणि एक्स मालिकांत प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग चालतं, ए५२०, ए६२० किंवा बी८४० मध्ये नाही. इंटेलच्या बाजूला गुणक (ज्याने वारंवारता ठरते तो आकडा) मोकळा हवा असेल तर झेड मालिका आणि के अक्षराचा प्रोसेसर. एक्स मालिकेचा चिपसेट जास्त वीज पेलतो असं नाही. बी६५० चा दमदार व्हीआरएम असलेला बोर्ड आपल्याला भपकेबाज एक्स६७० पेक्षा उपयोगी पडू शकतो.

बायोसमध्ये काय शोधायचं

बोर्ड घेण्याआधी त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि बायोसचा भाग वाचा. मी हे दर वेळी करते. वीज गेल्यावर परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, ही सोय असलीच पाहिजे. विजेच्या मर्यादा, म्हणजे इंटेलला पीएल१ आणि पीएल२, एएमडीला पीपीटी, हातानं आकडा टाकून ठरवता याव्यात. ऑटोवर सोडलेले बोर्ड आकडे वर ठेवतात, कारण त्यांना तुलनेच्या आलेखात पुढे दिसायचं असतं. २०२३ मध्ये काही रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या कोअरबाहेरच्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अस्थिरतेवर २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती, आला, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही. तेव्हा ज्या कंपनीच्या जुन्या बोर्डांनाही अजून बायोस मिळतंय, तिचाच बोर्ड घ्या, आणि पहिल्या दिवशी बायोस अद्ययावत करा. प्रोसेसर नसतानाही बायोस भरता येणारं बटण मागे असेल तर उत्तम.

लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज किती उतरू द्यायचं ती सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. भार आला की व्होल्टेज थोडं खाली येणं हे मुद्दाम ठेवलेलं असतं. ते पुरतं दाबून टाकलं, तर एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज वर उसळतं. काही कंपन्यांत पायरी १ सर्वांत कडक असते, काहींत सर्वांत सौम्य, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा तसाच उचलू नका.

रॅम आणि कार्डं

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणाऱ्या तयार सेटिंग) सुरू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. जिम्प्सच्या मोठ्या गणितांना मेमरीचा वेग लागतो, तिथे तो थोडा वाढवण्यात अर्थ आहे. फोल्डिंगला फारसा लागत नाही, तिथे मी मेमरी मूळ वेगावरच ठेवते. रॅमच्या चार कांड्यांपेक्षा दोन बऱ्या. डीडीआर५ रॅममधली आतली ईसीसी (चुका ओळखून सुधारण्याची सोय) चिपच्या आतल्याच चुका सुधारते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही. खरी ईसीसी हवी असेल तर एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर ती चालते, पण सगळ्यांवर नाही. त्या मॉडेलच्या तपशिलात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरून चाला. जिथे महिनाभर चालणारं एकच गणित असेल, तिथे मी वेगावर पाणी सोडून ईसीसी घेईन.

सगळं काम ग्राफिक्स कार्डवरच होणार असेल तर चित्र बदलतं. फोल्डिंगमध्ये एनव्हिडियाच्या प्रत्येक कार्डामागे प्रोसेसरचा एक धागा गुंतून राहतो, बाकी प्रोसेसर ताणण्याची गरज नसते. तेव्हा व्हीआरएमवरचे पैसे स्लॉटकडे वळवा. लांबीने एक्स१६ दिसणारा खालचा स्लॉट आतून एक्स४ असतो (हा आकडा म्हणजे डेटाच्या मार्गिका) आणि बहुधा चिपसेटमार्गे जातो. ते चालतं, पण एक्स१ वर कार्डाचं काम मंदावतं. जाड कार्डांत किमान एका स्लॉटची रिकामी जागा राहील असं अंतर बघा. प्रत्येक स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज ओढता येते, म्हणून दोन-तीन कार्डं असतील तर बोर्डावर स्लॉटसाठीचं जादा पॉवर कनेक्टर हवं.

दिवे, भारी ऑडिओ, एसएसडीसाठी पाच एम.२ जागा, वायफाय: यांतलं काहीच आपल्या कामाचं नाही. कामाचा तुकडा उतरवायला आणि निकाल पाठवायला साधं एक गिगाबिट नेटवर्क भरपूर झालं.

आणल्यावर लगेच

परत करण्याची मुदत असेपर्यंत बोर्डाला कामाला लावा. आधी ओव्हरक्लॉक न करता प्राइम९५ (जिम्प्सचा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) रात्रभर, मग ठरवलेल्या वारंवारतेवर पुन्हा. व्हीआरएमच्या मागच्या बाजूला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, पण चकचकीत धातूवर नेम धरू नका, तिथे आकडा खोटा कमी येतो. वीज बंद करून बोर्डाच्या मागे, टोकदार डाखणीच्या जोडांपासून दूर, काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवा आणि चालू भारात त्यावर मोजा. ८० अंशांच्या आत असेल तर मी खूश असते. ९० च्या वर गेलं तर आधी हवा सुधारते, तरीही उतरलं नाही तर बोर्ड परत करते.

मग चुकांची नोंद बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने, लिनक्सवर कर्नलच्या नोंदीत 'मशीन चेक' या शब्दांनी त्या सापडतात. 'सुधारलेली चूक' असं लिहिलेलं असलं तरी ती मोजा. पूर्ण भारात न अडखळणारं मशीन कमी भारावरच अडखळतं, असंही होतं, विशेषतः कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्या सेटिंगने व्होल्टेज फार खाली नेलं असेल तर. म्हणून दिवसभर नुसतं रिकामं ठेवूनही तपासा. एक जरी नोंद दिसली, तर १०० मेगाहर्ट्झ खाली या, चाचणी पहिल्यापासून करा, आणि नोंद पूर्ण कोरी आल्यावरच प्रकल्पाकडून पहिलं काम उतरवून घ्या.