स्पॅम ओळखण्यासाठी डायजेस्ट काढताना या चुका टाळा

एकच स्पॅम मेल हजारो जणांना पाठवणारा प्रत्येक प्रतीत नाव, दुवा किंवा एखादा निरर्थक आकडा बदलत राहतो, आणि एसएचए-१ सारखा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा किंवा डायजेस्ट, पूर्ण बदलायला एका अक्षराचा बदलही पुरतो. म्हणून पायझर हे स्पॅम ओळखणारे साधन हॅश काढण्यापूर्वी ईमेल पत्ते, दुवे, एचटीएमएल टॅग आणि १० किंवा अधिक चिन्हांचे सलग तुकडे वगळते, मोकळ्या जागा पुसते आणि उरलेली ओळ ८ चिन्हांहून छोटी असल्यास तीही सोडून देते. हेच नियम स्वतःच्या फिल्टरमध्ये उतरवताना बहुतेक गडबड क्रमात होते.

मोकळ्या जागा आधी पुसल्या, तर अख्खी ओळ हाच एक लांब तुकडा ठरतो आणि पुढचा नियम ती गिळून टाकतो. मग अनेक मेलचा मजकूर रिकामा उरतो, सर्वांचा डायजेस्ट एकच येतो, आणि त्यांतील एक जरी स्पॅम म्हणून नोंदला गेला, तरी बाकीचे निष्कारण अडकतात. रिकाम्या मजकुराचा डायजेस्ट काढूच नये. बेस६४ आणि कोटेड-प्रिंटेबल ही सांकेतिक रूपे मात्र सर्वांत आधी उलगडावीत.

मराठी मेलमध्ये खरी मेख दहा चिन्हांच्या नियमात आहे. ‘ग्राहकांसाठी’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार धरून यूनिकोडमध्ये त्याची १२ चिन्हे होतात. साहजिकच तो उडतो. ‘आमच्या ग्राहकांसाठी कर्जावर विशेष सवलत’ ही स्पॅममधील ओळ आणि ‘आमच्या कर्मचाऱ्यांसाठी कर्जावर विशेष सवलत’ ही एखाद्या कार्यालयाची साधी सूचना, दोन्हींतून ‘आमच्याकर्जावरविशेषसवलत’ एवढेच उरते. चिन्हांऐवजी बाइट मोजले तर ‘सवलत’ही वाचत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये तिचे १२ बाइट होतात. नोंदलेल्या डायजेस्टचा डेटाबेस स्वतःचा असेल, तर हा नियम रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांच्यापुरताच ठेवावा. सामायिक सर्व्हरवर तसे करता येत नाही, कारण इतरांचे डायजेस्ट मूळ नियमांनीच काढलेले असतात. तिथे केवळ डायजेस्ट जुळला म्हणून मेल नाकारू नये, त्याला फक्त स्पॅमचे गुण द्यावेत.

‘ऱ्या’चीही अशीच कथा. कोणी थेट ऱ टंकतो, कोणी र आणि नुक्ता, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पहिली दोन रूपे एनएफसी या यूनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरे होत नाही, आणि ते जोडचिन्ह मोकळी जागा म्हणूनही पुसले जात नाही. म्हणून स्थानिक डेटाबेससाठी तिसऱ्या रूपाचे आधी ऱ आणि हलन्त करावे आणि मगच अदृश्य चिन्हे काढावीत. उलट केल्यास ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ उरतो.

डायजेस्ट जुळत नसेल, तर हॅशकडे पाहून काहीच कळत नाही. पायझरमधील प्रीडायजेस्ट ही आज्ञा हॅशपूर्वीचा मजकूर दाखवते. दोन्ही मेलचे तसे मजकूर शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावे.